धुरीचे पाचशे

१८ नोव्हेंबर, सोमवार. ठरलेली रक्कम चार हजार रुपये. हजर मी, माझी बायको आणि बाळंतिणीची मालीश करणारी मावशी. चार हजारांत सव्वा महिना आमच्या बाळंतीण लेकीची आणि नातीची मालीश, आंघोळ आणि धुरी. मी रक्कम कबूल केली आणि म्हणालो, "मावशी, धुरी सोडून."

मावशी बायकोकडे वळून हसली. "पाय व बाई, तुहा मालक! धुरी नाई त बाळंतिणीले काय पंख्याखाली वाळवता?"

बायको हसली नाही. "मायी कंबर धुरीनंच धरली," एवढंच म्हणाली.

लेकीला लहानपणापासून दमा. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोजचा पंप दूध पाजतानाही बंद करायचा नाही आणि घरात कसलाच धूर नको. आम्ही उदबत्ती आणि मच्छर अगरबत्ती बंद केली, पाण्याची चूल मागच्या अंगणात नेली. धुरी मात्र दारंखिडक्या लावूनच देतात. खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा, शेपा, वावडिंग. मला तिचीच धास्ती होती.

पाचव्या दिवशी मानोऱ्याच्या बाजारात मेथी देऊन परतलो, तर फाटकातच जळका ओवा नाकात गेला. खोलीचं दार आतून बंद. मी ते बडवलं, तशी बायकोने कडी काढली.

लेक खाटेच्या काठावर दोन्ही हात रोवून बसली होती. श्वासागणिक खांदे वर उचलत होते, छातीतून शिट्टी वाजत होती. मला पाहून "बा" म्हणाली. पुढचा "बा" निघेना.

"थोडीशीच टाकली, दादा," बाळाला पोटाशी धरून मावशी म्हणाली. "तुमच्या बाईनंच सांगतलं."

बायकोने शेगडी उचलून बाहेर नेली. मावशीला मी बाळासह ओसरीवर पाठवलं, खिडक्या उघडल्या, दम लागला की द्यायचा निळा पंप नळीला लावून लेकीच्या तोंडाशी धरला. एक दाब, थांबायचं, पुन्हा एक. शेजाऱ्याने गाडी दारात लावून ठेवली. शिट्टी वाजत होती तोवर भीती होती. ती मधेच बारीक झाली तेव्हा जास्त वाटली, कारण हवा जाते आहे की थांबली, हेच कळेना.

"बाबा, पाणी," ती म्हणाली तेव्हा मी तांब्या तिच्या तोंडाला लावला. लगेच दवाखान्यात नेलं, लेकीला आणि नातीला तपासून आणलं.

त्यानंतर मावशी अंगणातल्या चुलीवर तवा ठेवून फडक्याची पोटली गरम करी आणि तिनेच शेक देई. सकाळी उंबऱ्यातच नाक वर करून बायकोला दटावी, "काहून व, आज उदबत्ती लावली का?" मी मात्र रोज लेकीच्या पाठीला कान लावून पाहत असे.

सव्वा महिना भरला. चार हजार दिले. मावशीने पाचशेची नोट बाजूला काढली. "हे धुरीचे. म्या काम केलं नाई."

"एक दिवस केलं ना," लेक म्हणाली.

"चूप बस! त्याचे का पैसे घेतेत?"

मी नोट परत घेईना, तेव्हा तिने ती नातीच्या मुठीत खोचली. नात खोकली. आम्ही चौघेही हलायचे थांबलो. ती पुन्हा खोकली नाही.

मावशीला साडेतीन हजार, नातीला पाचशे.