सावल्यांच्या वहीला आल्याचा चहा

आमच्या घरातली जादूची वही बिघडली ती दूध-साखर घातल्यामुळे.

आम्ही तेव्हा सिंगापूरला, बिशानमध्ये, एका उंच इमारतीतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. ही सगळी वसाहत जुनं चिनी कबरस्तान हलवून त्या जागेवर उभी केलेली आहे, हे आम्हाला राहायला आल्यावर कळलं. (फ्लॅट बघताना मी नळाचं प्रेशर, खिडक्यांच्या कड्या आणि स्वयंपाकघरातले प्लगपॉइंट तपासले होते. पूर्वी इथे खाली कोण झोपायचं, हा मुद्दा माझ्या यादीत नव्हता.) भाडेकरार संपत आला होता आणि घरमालकीण मिसेस लिम फोनवर नीट बोलत नव्हत्या. कदाचित विकून टाकीन म्हणायच्या, बघू म्हणायच्या. मनूची, म्हणजे आमच्या मुलीची, मोठी परीक्षा पुढच्या वर्षी. शाळा खिडकीतून दिसायची इतकी जवळ. हा फ्लॅट गेला तर जुरोंग ईस्टला एका ओळखीच्यांची जागा मिळण्यासारखी होती, म्हणजे शहराचं दुसरं टोक. पोरीने परीक्षेच्या वर्षी पहाटे उठून एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, उभ्याने अभ्यास करायचा की काय, या विचाराने मला झोप लागत नव्हती.

आणि मनू काय करत होती? चेटूक शिकत होती.

विक्का नावाचा एक पंथ असतो, असं तिने आम्हाला जेवताना सांगितलं. चंद्र, झाडं, ऋतू मानणारा. कुणाचं वाईट करायचं नाही, कारण आपण जे करू ते तिपटीने परत येतं. प्रत्येकाने आपली एक वही करायची, तिला सावल्यांची वही म्हणायचं, आणि शिकलेले मंत्र, वनस्पती, चंद्राच्या कला, काय केलं आणि त्याचं काय झालं, सगळं त्यात स्वतःच्या हाताने लिहायचं. दुसऱ्याने त्यात लिहायचं नाही, शक्यतो हातही लावायचा नाही.

प्रमोदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, वरणाची वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मी काय सांगू, मला भरून आलं होतं. ज्या मुलीला केमिस्ट्रीची जर्नल पुरी करायला पाठीमागे लागावं लागतं, ती आपणहून नोंदी ठेवणार होती!

"चेटूक करतेय ती," प्रमोद म्हणाला.

"करू दे. वळण लागतंय."

वहीचे कागद जुने दिसायला हवेत म्हणून ते कडक चहात भिजवायचे, अशी सूचना तिने इंटरनेटवरून छापून फ्रिजवर लावली आणि शाळेत गेली. घरात एखादं काम लिहिलेलं दिसलं की ते मी करते. त्याला इलाज नाही. मोठं पातेलं घेतलं, आलं किसलं, साखर घातली, पावडर घातली, दूध घातलं, छान उकळी आणली आणि सगळे सुटे कागद त्यात बुडवून पंख्याखाली वाळत घातले.

मनू आली ती दारातच थबकली.

"आई, तू दूध घातलंस?"

"मग? चहा म्हणजे?"

"पाणी आणि पावडर लाह! फक्त पाणी आणि पावडर!" (वाक्याच्या शेवटी 'लाह' लावायची सिंगापुरी सवय तिने शाळेतून आणली होती.)

पण रंग सुरेख आला होता, अगदी पणजोबांच्या कागदपत्रांसारखा, तेव्हा ती निवळली. पुढे शाई. तिच्या विक्काच्या पुस्तकात ड्रॅगनच्या रक्ताची शाई सांगितली होती. (तो एका झाडाचा डिंक असतो म्हणे. मी तरीही आणायला नकार दिला.) मी पाण्यात कुंकू खलून दिलं. सगळी सुट्टी तिने मागच्या खोलीत बसून बोरूने लिहिण्यात घालवली. वर्तुळं, चांदण्या, घराच्या रक्षणाचं एक अख्खं पान. अनुक्रमणिका करून देऊ का, असं मी विचारलं, तर तिने वही छातीशी धरली.

मग एका तिन्हीसांजेला मी इस्त्रीचं टेबल आणायला मागच्या खोलीत गेले. दिवा लावलेला नव्हता. चिन्यांचा सातवा महिना चालू होता. त्या महिन्यात मेलेली माणसं जगात हिंडायला येतात आणि त्यांच्यासाठी खाली गवताकडेला उदबत्त्या लावतात, कागद जाळतात. त्या कागदांची काळी राख आमच्या मजल्यापर्यंत तरंगत यायची. तशी एक पाकळी आत येऊन वहीशेजारी बसली होती. मी ती झटकायला वाकले, आणि पाहिलं तर वहीतली अक्षरं हलत होती.

भास नव्हे. एक ओळ सावकाश पुढे सरकत होती. चांदणीचं एक टोक वाकलं, पसरलं, पानाच्या कडेवरून खाली उतरलं आणि टेबलाच्या पायाकडे निघालं. मी घाबरत नाही, मी श्लोक म्हणते. तोंडाला आला तो म्हटला. तो जेवणाआधीचा निघाला, पण मी थांबले नाही, शेवटपर्यंत म्हटला. मागे मनू येऊन उभी होती. "आई," ती अगदी हळू म्हणाली, "ती जागी झाली."

प्रमोदने येऊन दिवा लावला. मुंग्या होत्या. सिंगापूरच्या त्या बारीक, धुळीच्या कणाएवढ्या मुंग्या. "साखर," प्रमोद म्हणाला. त्या एका शब्दात त्याने आमच्या संसाराचा आढावा घेतला. मात्र साखर सगळ्या कागदाला लागलेली असताना मुंग्या फक्त अक्षरांवरूनच का चालत होत्या, हे त्यालाही सांगता आलं नाही. त्या रात्री आम्ही त्या खोलीचं दार लावून घेतलं. मुंग्यांसाठी, असं एकमेकांना सांगितलं.

सकाळी पाहिलं तर पानांवर बुरशी, आणि नासलेल्या दुधाचा वास. मनू रडकुंडीला आली. फेकायची नाही म्हणे, वही अशी फेकत नाहीत. मग मी कामं वाटून घेतली. एक: टेबलाभोवती जमिनीवर मुंग्यांच्या खडूचं मोठं गोल रिंगण. दोन: सगळी पानं सुटी करून पाठीमागून हळदीच्या पाण्याने पुसणं, कारण बुरशीला हळदीइतकं दुसरं काही नाही. पानं पिवळीधमक झाली. कुंकू फुटलं आणि मनूच्या बारीक रेषा फुगून ब्रशने ओढल्यासारख्या लाल, जाड दिसायला लागल्या. तीन: वाळत घालणं. तिथे स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर भिंतीत नळकांडी असतात, त्यात कपड्यांचे बांबू खोचायचे. मी चिमटे लावून सगळी पानं बांबूंवर टांगली आणि बांबू बाहेर काढले.

आता जरा खाली उभं राहून वर बघा. पिवळे कागद, त्यांवर लाल खुणा. भुतांना अडवायला चिनी लोक दारावर लावतात ते मंतरलेले कागद नेमके असेच असतात. मला तेव्हा ठाऊक नव्हतं. सातवा महिना, आणि एका घराने एवढे कागद एकदम बाहेर काढलेले! म्हणजे आत केवढं असेल?

खाली कागद जाळणारे एक अंकल वर बघत राहिले. मग आणखी दोघे थांबले. एका आजींनी नातवाचे डोळे झाकून त्याला लिफ्टकडे नेलं. मला वाटलं, पाणी टपकतंय. (वरच्या मजल्यावरचं पाणी टपकणं हे त्या देशातलं भांडणाचं मुख्य कारण आहे.) म्हणून मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकले आणि हात हलवून खूण केली की काळजी नको, टपकत नाही. शनिवार असल्याने मी न्हायले होते. केस मोकळे, ओले. हात मनगटापर्यंत पिवळे, बोटांची टोकं लाल. खालच्या एका बाईंनी हात जोडले. मी पण जोडले. बरं दिसतं.

त्या घोळक्यात मिसेस लिम होत्या.

फ्लॅट बघायला त्या संध्याकाळी येणार असं ठरलं होतं, पण आल्या दुपारीच. बेल वाजली, मी तशीच दार उघडायला गेले. मिसेस लिम लोखंडी जाळीच्या दाराबाहेर उभ्या राहिल्या. पर्स पोटाशी धरलेली. माझे केस बघितले, हात बघितले, आणि विचारलं ते फ्लॅटबद्दल नाहीच. मागच्या खोलीत कोण आहे, असं विचारलं.

मुलगी आहे, अभ्यास करतेय, असं मी म्हटलं आणि त्यांना दाखवायला घेऊन गेले. माझी इच्छा एवढीच की घर किती नीटनेटकं ठेवलंय ते त्यांनी बघावं.

मनू खडूच्या रिंगणाच्या मधोमध मांडी घालून बसली होती. उरलेली पानं समोर पसरलेली. डोळे मिटून, पुढेमागे डोलत, ती सोमवारच्या चाचणीसाठी मूलद्रव्यांची नावं घोकत होती. हेलियम, लिथियम, बेरिलियम, बोरॉन. एका सुरात. मिसेस लिम उंबऱ्याबाहेरच थांबल्या. एवढ्या वर्षांत त्या खोलीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"आता तो गप्प असतो?" त्यांनी इंग्रजीत, अगदी खालच्या आवाजात विचारलं.

प्रमोद तसा गप्पच असतो, पण त्या प्रमोदबद्दल बोलत नव्हत्या. कोण, असं मी विचारलं.

"म्हातारा."

मग उंबऱ्यापाशीच उभं राहून त्यांनी सांगितलं. आमच्या आधीचे भाडेकरू टिकले नव्हते. एक कुटुंब तर सामान न्यायलाही परत आलं नाही. तो कुणाला काही करत नाही, नुसता खिडकीशी बसतो. म्हणूनच विकून मोकळं व्हावं, असं त्यांच्या मनात होतं. तुम्हाला कधी काही दिसलं नाही का, असं त्यांनी विचारलं, आणि मी ठणकावून नाही म्हणणार, तेवढ्यात माझी नजर खुर्चीवर गेली.

त्या खोलीतली खुर्ची रोज सकाळी खिडकीकडे तोंड करून असायची. मी रोज ती टेबलात सरकवायची. प्रमोदला मेली शिस्तच नाही, असं म्हणत. मी मराठीत मनूला विचारलं, बाबा बसतो ना गं इथे रात्री?

मनूने डोळे उघडले. "मला वाटायचं तू बसतेस."

प्रमोद दारात आला होता. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यालाही तसंच वाटत होतं.

पण मी खरेपणाची माणूस. मिसेस लिमना मी सांगितलं की हे मंत्रतंत्र नव्हे, गैरसमज नको. आधी कागद चहात भिजवले. त्यांनी मान हलवली. दूध घातलं. मान. साखर, आलं. "जिंजर," त्या पुटपुटल्या, जणू तिथेच त्यांची खात्री पटली. मग हळद, मग लाल पूड, मग जमिनीवर हे रिंगण, मग सगळं उन्हात टांगलं. सांगता सांगता माझ्याच लक्षात येत होतं की मी खरं तेच बोलतेय आणि ते भलतंच ऐकू येतंय. पलीकडून मनू डोळ्यांनी मला विनवत होती: आई, आता पुरे. तिची शाळा त्या खिडकीतून दिसत होती.

मी बोलायची थांबले. एवढंच केलं.

मिसेस लिम दोन्ही हातांनी माझा पिवळा हात धरून म्हणाल्या, तुम्ही राहा. विकत नाही.

दुसऱ्याने हाताळलेली वही आपली राहत नाही, म्हणून मनूने ती मला देऊन टाकली आणि शाळेच्या नेटबॉलच्या संघात गेली. मिसेस लिमच्या आग्रहामुळे वही मागच्या खोलीतच ठेवावी लागली. मी आता खुर्चीला हात लावत नव्हते. पण सकाळी ती खिडकीकडे वळलेली नसे. टेबलाकडे असे, थोडी पुढे ओढलेली. त्यामुळे संध्याकाळी टेबललॅम्प लावून ठेवायचं मी माझ्या कामांत घातलं. वाचणाऱ्याचे डोळे खराब व्हायला नकोत.

नवा करार आला. भाडेकरूच्या जबाबदाऱ्यांमध्ये एसीची सर्व्हिसिंग, दिव्यांचे बल्ब, मोरीची सफाई, आणि त्याखाली मिसेस लिमच्या अक्षरात पेनाने वाढवलेलं एक कलम: पिवळे कागद दर सातव्या महिन्यात नवे करून लावणे, सौ. दामले यांनी स्वतः. मी पुण्याची एम.कॉम., कॉम्प्युटरची दोन सर्टिफिकेटं, डिपेंडंट पासवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेल्या परवान्यावर, जागोजागी अर्ज करून थकले होते. त्या देशात मला लेखी नेमणूक मिळाली ती ही एवढीच, मांत्रिकाची. आणि तिच्यातही पगार नव्हताच, उलट पैसे दर महिन्याला आम्हीच भरत होतो.