उजवी कळी

सन दोन हजार तीन. मी तेव्हा चोपन्न वर्षांचा होतो — म्हणजे कळत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही, ती न ऐकताच गेली. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं तर आधी त्याला सांगावं लागणार — आणि तेच तर तोंडातून निघत नव्हतं. तेव्हा वाकडंतिकडं जसं आहे तसं वाचा.

आम्ही गुरव. कोरेगावच्या पुढं आमचं गाव, गावदेवीची पूजा आमच्या घराकडं. देवीला पहाटे उठवायचं एक गाणं आहे, ते फक्त आमच्या घरात चालत आलेलं. बापानं मला दिलं, मी पुतणीला दिलं — मंगलला. भाऊ-भावजय लवकर गेले, पोर माझ्याच घरात वाढली. मला तात्या म्हणते.

आता मधेच गेल्या महिन्याचं सांगतो, कारण तिथं मी जो हबकलो, तो अजून ताळ्यावर आलेलो नाही.

सांगलीत एका बँडचा कार्यक्रम होता. तुम्ही ती पोरं बघितली असतील — गिटारच्या जोडीला हलगी आणि संबळ वाजवतात. पोरं कसली, आता केस पांढरे झालेत त्यांचे. त्यांचा म्होरक्या अभय, सांगलीच्या हळदीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. तो स्वतः गाडी घेऊन मला न्यायला आला. पहिल्या रांगेत बसवलं. शेजारी मंगल — तिला सांगलीतच दिलीय, नवरा रिक्षा चालवतो, भला माणूस आहे.

मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन तास नुसता दणका. मग सगळे दिवे उतरले. एका माणसानं स्टेजच्या मधोमध एक माइक आणून ठेवला आणि निघून गेला. हलगीवाल्यानं हलगी खाली ठेवली. अभय पुढं येऊन म्हणाला, "ही जागा आमच्या एका ताईची. देवीनं नको म्हटलं, म्हणून हे गाणं आम्ही कधी गायलं नाही. ते जेवढं लांब आहे, तेवढं आपण गप्प उभं राहू."

आणि सगळं मैदान उभं राहिलं. हजारो माणसं — एक खोकला नाही. माझ्या मागं एक पोरगी मैत्रिणीच्या कानात म्हणाली, "याच्यासाठीच मी पुण्यावरनं आले." कशासाठी आलीस बाई? काय होतं तिथं? नंतर अभयनं सांगितलं, जिथं जिथं गेले तिथं प्रत्येक कार्यक्रमात ते हे करत आलेत. बाहेरच्या देशातसुद्धा. लोक त्यांची गाणी विसरतील, पण हे नाही, असं म्हणतात म्हणे. पोरांच्या बनियनवर त्या मोकळ्या माइकचं चित्र आहे. नवे बँडवालेही आता गावाकडचं काही घ्यायचं तर आधी देवळात विचारून येतात.

मी उभा होतो. उभा कसला — खुर्चीची पाठ धरून होतो. सहज मंगलकडं बघितलं. पदर डोक्यावर, हात जोडलेले, आणि ओठ हलत होते. आवाज नाही. पण ओळ न् ओळ मला कळत होती. शेवटचं कडवं तिनं संपवलं, तेव्हाच अभयनं मान वर केली. कुठंही चुकली नव्हती. बावीस वर्षांत तिला मी स्वयंपाकघरातसुद्धा गुणगुणताना ऐकलं नव्हतं. पोराच्या बारशाला बायकांनी पाळणा म्हण म्हणून आग्रह केला, तर म्हणाली, "मला देवीनं नको म्हटलंय." देवीनं एक गाणं नको म्हटलं होतं — तिनं सगळीच सोडली.

देवीनं म्हटलं होतं का?

ती पोरं तेव्हा कॉलेजात होती. रविवारी मोटारसायकलवरून यायची, देवळाच्या ओवरीत बसायची. मी गायचो, ती ऐकायची. "तात्या, परत एकदा," म्हणायची. मला लय बरं वाटायचं — का नाही वाटणार? गावात कुणी मला एकदाही परत एकदा म्हटलं नव्हतं. माझ्या मनानं घेतलं की ही पोरं मला नेणार. स्टेजवर मी उभा राहणार. कोरेगावला जाऊन मी नवीन कुडता शिवून आणला. कुणाला सांगितलं नाही, ट्रंकेत ठेवला.

एक दिवस अभय पायाशी बसून म्हणाला, "तात्या, आम्हाला मंगलताईंचा आवाज पाहिजे. तुमी फक्त आशीर्वाद द्या."

मंगल तेव्हा एकोणीस वर्षांची. दारात उभी होती. तिचं तोंड असं उजळलेलं मी आधी बघितलं नव्हतं. नंतरही नाही.

मी म्हणालो, "माझ्या आशीर्वादाचं काय घेऊन बसलास? देवीला इचारल्याबिगर घरातलं गाणं भाईर जात न्हाई. कौल लावू." असा काही नेम नव्हता. मी तिथल्या तिथं केला.

कौल म्हणजे देवीच्या दोन्ही खांद्यांना कण्हेरीची ओली कळी चिकटवायची आणि विचारायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कळ्या लावायचा मान गुरवाचा. दुसरं कुणी गाभाऱ्यात येत नाही.

पोरं बाहेर बसली. अभय जैनाघरचा, तरी चामड्याचा पट्टा काढून ठेवून हात जोडून बसला होता. मंगल डोळे मिटून. मी त्यांच्याकडं पाठ केली. नैवेद्याच्या वाटीत उसाची घट्ट काकवी होती. डावी कळी मी पाण्यात बुडवली आणि उजवी काकवीत.

लिहिलं. हेच ते.

डावी पडायला फार वेळ लागला नाही. उजवी हलली पण नाही. मी बाहेर येऊन मान हलवली. एकानंही शंका काढली नाही. अभय म्हणाला, "देवी म्हणंल तसं." मंगल उठली, सगळ्यांना चहा केला. पोरं गेली, आणि तिला न घेताच पुढं मोठी झाली. मला स्टेजवर न्यायला काही आली नाहीत — तेही सांगून टाकतो.

सांगलीहून परत येताना गाडीत मी अभयला सांगेन, असं वाटलं होतं. गाडी औंधाच्या फाट्यापर्यंत आली, मी बोललो ते पावसापाण्याचं.

त्या कौलाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी देऊळ उघडलं, तर मंगल माझ्याआधी पायरीवर येऊन बसलेली. न्हालेली, हातात खण-नारळ. उंबऱ्यातूनच तिनं आत बघितलं आणि म्हणाली, "तात्या, देवीच्या खांद्याला मुंग्या लागल्यात."

"कालचा निवद सांडला असंल," मी म्हणालो, आणि ओल्या फडक्यानं खांदा पुसून घेतला.

"मी जायाचं मनात आणलं, त्याचा तिला राग आला असंल का? तुमी माफी मागा माझ्यासाठी. माझं ती ऐकायची न्हाई."

मी नारळ घेतला. देवीपुढं उभा राहून, मंगलला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणालो, "आई, लेकरू चुकलं, पदरात घे." मग नारळ फोडला. अर्धा पोरीच्या ओटीत घातला, आणि अर्धा गुरवाचा असतो, तो घरी नेऊन खाल्ला.