पुढे केलेलं घड्याळ

दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका ऑफिसात बसून मी सहलींच्या वेबसाइटसाठी फन फॅक्ट्स लिहितो. माझा हुद्दा आईला शेजाऱ्यांना सांगता येत नाही. ती म्हणते, “कॉम्प्युटरवर असतो,” आणि विषय बदलते.

ह्या वर्षीच्या उन्हाळ्याआधी आमच्या मॅनेजरने स्कॉटलंडचं पॅकेज माझ्या गळ्यात मारलं. स्पे नावाच्या नदीचं खोरं, जिथे व्हिस्की बनते. “हबीबी, ट्वेंटी फन फॅक्ट्स. थर्सडे. यल्ला.” मी पीत नाही, मला पित्त होतं. स्कॉटलंड मी पाहिलेलं नाही, ऑफिसात कुणीच पाहिलेलं नाही. पण न पाहिलेल्या जागांबद्दल खात्रीने लिहिणं हेच माझं काम आहे, आणि त्यात माझा हात धरणारा कुणी नाही.

व्हिस्की पिणारे ठाण्यात होते. माझे वडील. बसडेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी आयुष्य काढलं. कुठली गाडी किती वाजता सुटली हे वहीत लिहायचं आणि उशिरा येणाऱ्या ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. निवृत्तीनंतर ते दर शनिवारी संध्याकाळी एक पेग घेत. तोही खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजून, सोबत भाजलेले शेंगदाणे. वर्षातून एकदा मी सुट्टीवर गेलो की मुंबईच्या विमानतळावर उतरल्यावर तिथल्या ड्यूटी फ्रीमधून त्यांच्यासाठी एक बाटली घ्यायची, हा आमच्या घरातला नेम होता. ती ते पुढच्या माझ्या येण्यापर्यंत पुरवत. बाटलीत किती उरलीय त्यावरून आई सांगायची, मुलगा यायला अजून किती महिने आहेत.

फॅक्ट्स लिहिताना रोज दुपारी मी वडिलांना फोन करून वाचून दाखवायचो. त्यांना मजा यायची. पिंपात मुरताना थोडी व्हिस्की दरवर्षी हवेत उडून जाते, तिला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात, असं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे स्टोअरकीपर देवदूतांवर ढकलतो.” त्या वाफेवर जगणारी बुरशी गोदामांच्या भिंती काळ्या करते, हे त्यांना पटलं नाही. जुन्या कारखान्यांच्या धुराड्यांवर पॅगोड्यासारखी छपरं असतात, हेही नाही. मी फोटो पाठवला तेव्हा म्हणाले, “बरं, असेल.”

सगळ्यात आवडला तो चोरट्या दारूचा किस्सा. कर चुकवणारे लोक म्हणे खोटी अंत्ययात्रा काढत. शवपेटीत दारू, मागे रडणारी माणसं, आणि कर वसूल करणारे अधिकारी रस्त्याच्या कडेला टोप्या काढून उभे. वडील इतके हसले की आईने फोन काढून घेतला.

आणि एक घड्याळाची गोष्ट. तिथल्या एका गावच्या मनोऱ्यात एक घड्याळ आहे, ते पूर्वी दुसऱ्या गावात होतं असं सांगतात. त्या दुसऱ्या गावात एका दरोडेखोराला फाशी व्हायची होती. तो फिडल, म्हणजे तिकडचं व्हायोलिन, सुंदर वाजवायचा. त्याच्या माफीचा कागद घेऊन घोडेस्वार निघाला होता. तो दिसताच गावच्या अधिकाऱ्याने घड्याळ पुढे केलं आणि माफी पोचायच्या आत फाशी उरकली.

“किती मिनिटं पुढे केलं?” वडिलांनी विचारलं.

“कुणी पंधरा म्हणतं, कुणी वीस, कुणी तास.”

“नक्की आकडा लिही. साधारण चालत नाही.”

नक्की आकडा मिळाला नाही. मी ‘काही मिनिटं’ लिहून पान पाठवून दिलं. अरबी आवृत्तीत दारूचा शब्द नको म्हणून तिथे नदी, तिच्यावरचा लोखंडी पूल आणि घड्याळ एवढंच उरलं.

पंधरा दिवसांनी, सकाळी ऑफिसला निघताना धाकट्या भावाचा फोन आला. वडील चहा पिताना गेले. डॉक्टर येऊन गेले होते. तो म्हणाला, “दादा, तू ये. साडेसहापर्यंत थांबतो. गुरुजी म्हणतात, दिवस मावळायच्या आत उरकायचं.”

बायकोने साडेअकराच्या विमानाचं तिकीट काढलं. मुलीने विचारलं, “बाबा, आर यू ओके?” मी “येस” म्हणालो आणि ते खरं होतं. मला काही वाटत नव्हतं. टॅक्सीत बसलो, पासपोर्ट तपासला, चार्जर घेतल्याची खात्री केली. विमानात जेवणही केलं. भात जरा कोरडा होता, हे अजून लक्षात आहे.

विमान चारला उतरलं. इमिग्रेशनमधून बाहेर आलो आणि दरवर्षीसारखा ड्यूटी फ्रीमध्ये शिरलो.

हे मी पुष्कळदा आठवून पाहिलंय. डोक्यात काहीच नव्हतं. पाय वळले. वडिलांचा नेहमीचा खोका कुठल्या फळीवर असतो ते माहीत होतं, तो उचलला आणि बिलाच्या रांगेत उभा राहिलो. रांग मोठी होती. पुढचा माणूस दुबईत मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पमध्ये राहणारा होता, मूळ गुहागरकडचा. दोन वर्षांनी घरी चालला होता. त्याच्या हातात दोन बाटल्या होत्या.

“साहेब, सासऱ्यासाठी पाहिजे. ही दीडशे दिरहम म्हणजे साडेतीन हजार. ह्यातली चांगली कोणती?”

मी त्याला सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, खोरं समजावलं. नदी, पिंपं, देवदूतांचा वाटा. तो मान डोलावत होता. म्हणाला, “साहेब, तुम्ही तिथे जाऊन आलात वाटतं.” मध्येच भावाचा फोन आला. कुठे आहेस, त्याने विचारलं. मी म्हणालो, “बाहेर पडतोय.” आणि फोन ठेवून त्या माणसाला पॅगोड्याच्या छपरांबद्दल सांगू लागलो. काउंटरवरच्या बाईने “व्हिस्की फॉर गिफ्ट, सर?” असं विचारलं, त्यालाही मी हो म्हटलं. पंचवीस मिनिटं गेली.

टॅक्सीत बसल्यावर पिशवी मांडीवर घेतली, आत पाहिलं, आणि मग कळलं मी काय केलंय. तेव्हा तरी रडू यायला हवं होतं. मी ड्रायव्हरला म्हणालो, “भैया, जरा जल्दी.”

स्मशानात पोचलो तेव्हा सात वाजायला दहा मिनिटं कमी होती. विद्युतदाहिनीचं दार बंद झालं होतं. वीस मिनिटांपूर्वी, शेजारचे काका म्हणाले. त्यांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, आत काय आहे ते बघितलं आणि ती बाकाखाली सरकवली. मी सगळ्यांना सांगितलं, फ्लाइट लेट झाली. लोकांनी माना हलवल्या. एक जण म्हणाला, “हल्ली काही भरवसा नाही विमानांचा.”

घरी कपाटात गेल्या वर्षीची बाटली होती. तळाशी दोन बोटं उरली होती. आई तिच्याकडे बघत म्हणाली, “परवाच म्हणत होते, आता आलाच तो.” मग भावाकडे वळून म्हणाली, “थोडं थांबायला हवं होतं रे. तोंड तरी बघितलं असतं त्याने.”

“फ्लाइट लेट होती, आई,” भाऊ म्हणाला. “त्याचा काय दोष.”

दहाव्याला लागणाऱ्या वस्तूंची यादी भावाच्या मोबाइलमध्ये होती. दोन दिवसांनी सकाळी ती उतरवून घ्यायला मी त्याचा फोन हातात घेतला. यादी शोधताना एक उघडं राहिलेलं पान दिसलं. माझ्या विमानाचं. उतरण्याची ठरलेली वेळ चार, उतरलं चारला.

म्हणजे त्याला स्मशानातच माहीत होतं. मी फोन त्याच्यापुढे धरला. तो गॅलरीत वडिलांचे धुतलेले शर्ट वाळत घालत होता. त्याने फोनकडे पाहिलं आणि शर्टाला चिमटा लावला.

“ती पिशवी मी तुझ्या बॅगेत ठेवलीय,” तो म्हणाला. “आईला दिसायला नको.” मग दुसरा शर्ट झटकत त्याने विचारलं, “किती वेळ होतास लाइनीत?”

“पंचवीस मिनिटं.”

त्याने मनात हिशेब केलेला मला दिसला. त्याच्या चेहऱ्यावर राग शोधला, तो नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“गुरुजी अर्धा तास अजून थांबायला तयार होते, दादा,” तो म्हणाला. “मीच म्हटलं, बाबांनी गाडी थांबवली नसती. वेळ झाली, सोडा.”

आम्ही दोघांनी मिळून उरलेले शर्ट वाळत घातले.