अक्कांच्या गिटारचा पट्टा

आमच्या शशिकला अक्कांना कुणी आजाराची हकीकत सांगायला लागलं की त्या पहिल्याच वाक्याला हात वर करायच्या. "सांगू नका, दाखवा." एकदा मी मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन बेंबळीला गेलो. दारातच खोकलो आणि सवयीप्रमाणे खोकल्याची कारणं द्यायला लागलो. हवा, धूळ, एस.टी.ची न लागणारी काच. अक्कांनी एका हातात पत्रिका घेतली, दुसऱ्या हातानं माझी हनुवटी धरली. "आ कर." मोबाईलच्या उजेडात घसा बघितला, मग पत्रिका वाचली. "घसा लाल हाय. लग्न बुधवारी व्हय? तवर उतरंल."

त्या माझ्या चुलत बहीण, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी थोरल्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. निम्म्या गावाची बाळंतपणं त्यांच्या हातची. त्यांना जाऊन आता सव्वा वर्ष झालं. लोक त्यांच्या दवाखान्यातल्या आठवणी सांगतात. मला मात्र आधी आठवतो तो एक पट्टा. त्याच्यापायी मी तीन आठवडे गोंधळात होतो, आणि खरं सांगायचं तर त्यातून अजून पुरता बाहेर आलेलो नाही.

त्याचं असं झालं. बेंबळीच्या विहारात गाणाऱ्यांचा एक संच होता. भागवत सर म्हणजे प्राथमिक शाळेतले शिक्षक, ते गायचे. एकजण ढोलकी, एकजण कीबोर्ड आणि एकजण बेस गिटार. बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची, साध्या गिटारपेक्षा लांब आणि चांगलीच जड. ती वाजवणारा नोकरीसाठी हैदराबादला गेला आणि गिटार विहाराच्या भिंतीवर टांगलेली राहिली. अक्का रिटायर झाल्यावर रोज सकाळी वंदनेला जायच्या. एक दिवस धूळ पुसायला म्हणून त्यांनी ती खाली काढली. परत टांगलीच नाही. मोबाईलवर बघून बघून शिकल्या. वय एकोणसाठ. मी म्हणालो, "अक्का, या वयात जमंल का?" तर म्हणाल्या, "तारा चार हायत, बोटं पाच. एक उरतंच की!"

वर्षभरात त्या संचात वाजवायला लागल्या. ते त्यांचं बरं चाललं होतं. मग मी मदत केली.

त्या रविवारी मी धाराशिवहून बेंबळीला गेलो होतो. अक्कांच्या घरून गिटार विहारात न्यायची होती. मी म्हणालो, आणतो. पिशवी काखेत मारावी तशी पट्ट्यानं गिटार पाठीला लावली आणि स्कूटरला किक मारली. ग्रामपंचायतीसमोरच्या गतिरोधकावर धप्प असा आवाज झाला. मी थांबून बघितलं तर पट्टा माझ्या खांद्यावर होता आणि गिटार रस्त्यावर. पट्टा शाबूत असल्यानं मला क्षणभर हायसंसुद्धा वाटलं, एवढा मी हुशार.

गिटार वाजत होती, पण एका कडेला टवका उडाला होता. भागवत सरांनी ती हातात घेऊन उलटसुलट बघितली. ते चांगले गृहस्थ. मला काही बोलले नाहीत, अक्कांना मात्र म्हणाले, "अक्का, जयंतीला तीन आठवडे राहिले. संचाकडं ही एकच हाय. स्टेजवर पुन्हा निसटली तर दुसरी आणणार कुठून? तुम्ही आपलं खुर्चीवर बसून वाजवा."

"बसून मी वाजवणार न्हाय."

"अक्का, अहो त्यात काय..."

"सर, ऐका. बसले तर लोक म्हणतील, म्हातारी वाजवतीय. उभी राहिले तर म्हणतील, बाई वाजवतीय. समोर आपल्या पोरी बसणार हायत."

शेवटी ठरलं ते असं, की जयंतीच्या दोन दिवस आधी अक्कांनी दाखवून द्यायचं, की गिटार पट्ट्यातून निसटत नाही. नाहीतर खुर्ची. अक्का माझ्याकडं वळल्या. "पाडलीस तू. पट्ट्याचं तूच बघ."

आता मी जिल्ह्याच्या कचेरीत आवक-जावक विभागात काम करतो. आलेला कागद ज्याच्याकडं जायला हवा त्याच्याकडं पाठवणं, एवढंच मला येतं. स्वतः काही ठरवल्याचं मला आठवत नाही. शिवाय ज्याच्यासमोर मी उभा असेन त्याचं मला पटतं. हा माझा जुना आजार आहे. बायको म्हणते, लग्नालाही मी त्या आजारातच होकार दिला.

गोष्ट दिसायला सोपी होती. गिटारच्या अंगाला दोन टोकांना लोखंडी बटणं असतात, स्क्रूनं बसवलेली. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना काज. काज बटणात अडकवायचं की झालं. म्हणजे शर्टाला बटण असतं तशा बेताच्या भरवशावर ते धूड गळ्यात घालायचं. आमच्या पट्ट्याची काजं वापरून सैल झाली होती.

धाराशिवला वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "लॉक घ्या साहेब. निम्मं पट्ट्याला, निम्मं गिटारला. टिक् वाजलं की विषय संपला." त्यानं ते टिक् मला सात-आठ वेळा वाजवून दाखवलं. मला एकदम पटलं. घेतलं.

बाहेर स्टँडजवळ चप्पल शिवून घेताना तिथल्या कारागिराला मोठ्या अभिमानानं ते लॉक दाखवलं. तो हसला. "लोखंड कातडं खातंय साहेब. सहा महिन्यांत पट्टा फाटंल. म्या डबल कातडं लावतो, काज बारीक करतो. बैल बांधला तरी सुटायचा न्हाय." मलाही वाटलं, बरोबर आहे, बैल सुटत नाही. एक जादा पट्टा त्याच्याकडून शिवून घेतला.

पुढच्या आठवड्यात कचेरीच्या कामानं कळंबला जाणं झालं. तिथं फवारणीचे पंप दुरुस्त करणारा एक ओळखीचा माणूस आहे. त्याला सगळी कथा सांगितली. त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "भाऊ, सोळा लिटरचा भरलेला पंप गडी दिवसभर पाठीवर घिऊन रानात फिरतोय. पडतोय का?"

"नाही."

"मग? काज बटणात घाला, आन वरून ही रबरी चकती चढवा. रबर सोडत न्हाय." त्यानं चार जाड चकत्या माझ्या खिशात घातल्या. मला पटलं.

घरी टेबलावर लॉक, जाड पट्टा आणि चकत्या मांडून मी बसलो. सकाळी लॉक बरं वाटायचं, जेवताना कातडं, झोपताना रबर. बायको म्हणाली, "तिन्ही लावा." मी त्याचाही विचार केला. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, गिटारला आरपार भोक पाडून नटबोल्ट टाका. मी त्याचाही विचार करणार होतो, पण बायकोनं दार लावून घेतलं.

शेवटी जयंतीला पाच दिवस राहिले तेव्हा सगळा ऐवज घेऊन बेंबळीला गेलो आणि आमच्या कचेरीत निर्णयार्थ सादर करतात तसा अक्कांच्या पुढ्यात ठेवला. कोण काय म्हणालं, का म्हणालं, लोखंड कातडं कसं खातं, सगळं सांगायला लागलो. अक्कांनी हात वर केला.

"सांगू नको. गिटार दाखव."

त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली. माझ्या खरेदीकडं बघितलंही नाही. वरचं बटण अंगठ्यानं दाबलं, डावीकडं, उजवीकडं. ते हललं. मग नखानंच फिरवायला लागल्या. स्क्रू पेन्सिलसारखा बाहेर आला, आणि त्याच्याबरोबर चिमूटभर लाकडाचा भुसा त्यांच्या पदरावर पडला.

"जखम हितं हाय," अक्का म्हणाल्या, "आन दोन आठवडे तू पट्ट्या गोळा करीत हिंडतोयस."

मी त्या भोकाकडं बघत राहिलो. लॉक लावलं असतं तर टिक् वाजून लॉक, बटण, स्क्रू सगळं एकत्र निघून आलं असतं. बैल बांधला असता तर बैलासकट. आणि इतक्या सगळ्या जाणत्या माणसांना मी गिटार सोडून बाकी सगळं दाखवलं होतं.

अक्कांनी काडेपेटीतल्या काड्यांची गुलाची टोकं मोडली, काड्या सुताराच्या डिंकात बुडवल्या आणि भोकात घट्ट बसवल्या. दुसऱ्या बटणाचंही तसंच केलं. पूर्ण एक दिवस कुणाला हात लावू दिला नाही. मी संध्याकाळी एकदा बोट लावून बघणार तर म्हणाल्या, "टाके कच्चे हायत, लांब हो." दुसऱ्या दिवशी मुळातल्यापेक्षा लांब स्क्रू आवळून बसवले.

"आता पट्ट्याचं काय? लॉक का कातडं?" मी विचारलं.

त्यांनी लॉक हातात घेतलं. ते उघडायला एक बारकी कळ दाबायची असते. त्यांची बोटं अलीकडं सकाळची आखडायची. दोनदा दाबली, दबली नाही. त्यांनी लॉक बाजूला ठेवलं आणि चकती बटणावर चढवून, उतरवून बघितली. "ही मला माझ्या हातानं काढता येतीय. हीच." मला वाटतं लॉकच चांगलं होतं. पण कातडंही वाईट नव्हतं. जाऊ द्या.

भागवत सर बघायला आले तेव्हा अक्कांनी गिटार गळ्यात अडकवली, खराटा घेतला आणि विहाराचं अख्खं अंगण झाडून काढलं. वाकल्या, वळल्या, केर भरला. सर पायरीवर उभे राहून बघत होते. शेवटी म्हणाले, "ठीक हाय अक्का. फक्त खराटा स्टेजवर आणू नका."

जयंतीच्या दिवशी दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला. अक्का पांढऱ्या साडीत, गिटार गळ्यात, ताठ उभ्या. माझा काही भरवसा बसेना. मी स्टेजला अगदी चिकटून, त्यांच्या बरोबर खाली, दोन्ही हात पसरून उभा राहिलो. पडलीच तर झेलायची. नजर त्या बटणावरून हलवत नव्हतो. दुसऱ्या गाण्याला एक बाई गर्दीतून आल्या. माझे पसरलेले हात बघितले. "धरा की हिला जरा, माझी चप्पल सापडंना," म्हणाल्या आणि सात-आठ महिन्यांचं लेकरू त्या हातांत ठेवून निघून गेल्या. आता गिटार पडली असती तरी मी काही करू शकणार नव्हतो.

तिसरं गाणं भरात आलं होतं. सर गात होते, ढोलकी चालू होती, आणि मधेच अक्कांनी तारांवरचा हात काढला. गाणं एकाएकी अधांतरी झालं, खाटेचा पाय निघावा तसं. मी घाबरून बटण बघितलं. जागेवर होतं. चकतीही जागेवर. मला काही कळेना. सर गाणं सोडून त्यांच्याकडं धावले. "अक्का, निसटली का?"

"न्हाय वो. पाय दुखत्यात." माईक समोरच होता, सगळ्या मांडवानं ऐकलं. "अर्धा तास उभी हाय, सगळ्यांनी बघितलं. आता खुर्ची आणा. माझ्या मनानं बसते."

मांडव हसला, पुढच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. सरांनी स्वतः खुर्ची आणली. अक्का बसल्या, पाय जरा लांब केले. माझ्या हातातलं लेकरू किरकिर करत होतं. इतके दिवस मी त्या गिटारचा पट्टा बघितला, बटण बघितलं, भोक बघितलं. गाण्यात तिचा आवाज नेमका कोणता, हे मला कळत नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती. अक्कांनी जाड तार छेडली. तो आवाज कानात आलाच नाही. तो स्टेजच्या फळीतून माझ्या बरगडीत आला, माझ्या बरगडीतून त्या लेकरात गेला, आणि ते गप्प होऊन माझ्या छातीवर टेकलं.

त्याची आई चप्पल घालून परत आली. हात पुढं केले.

मी म्हणालो, "थांबा जरा. गाणं संपू द्या."