पेटीकाकांचा उजवा कान

१४ ऑगस्ट २००४, शनिवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. श्रवणचाचणीच्या बंद खोलीत, काचेपलीकडे हेडफोन लावून बसलेल्या पेटीकाकांनी हातातले बटण दाबले. आवाज ऐकू आला, एवढाच त्या बटणाचा अर्थ. मी मात्र आवाज वाजवलाच नव्हता. मी तक्त्याचे पान उलटत होते.

पेटीकाका नाशिकच्या सातपूरला आमच्या शेजारी राहत. पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ते पत्रा दाबणाऱ्या धडधडत्या प्रेसवर काम करत आणि चौघांच्या एका रॉक बँडमध्ये कीबोर्ड वाजवत. आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठांच्या लेखी काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असलेले प्रत्येक वाद्य पेटीच. त्यामुळे हे नाव त्यांना चिकटले. "अहो, पेटी भजनात असते. ह्यात शंभर आवाज आहेत!" असे ते कळवळून सांगत. माझे बाबा शांतपणे विचारत, "त्यात पेटीचा आहे ना? मग झालं तर."

शनिवारी कारखान्यांना सुट्टी. त्या दिवशी गिटारवाल्या नितीनच्या वर्कशॉपमध्ये, लेथ मशिनवर ताडपत्री टाकून, बँडची तालीम चाले. इतर तिघे वाजवण्यात मग्न असत, काका मोजण्यात. "सूर कोणीही वाजवतं, मनू. गप्प किती वेळ बसायचं, ते मोजता आलं पाहिजे," हे त्यांचे तत्त्व होते. त्यांच्या एका गाण्यात कीबोर्ड चौसष्ट मात्रा पूर्ण गप्प असे. तेवढा वेळ काका दोन्ही हात खिशात घालून छताकडे पाहत उभे राहत. फक्त डाव्या पायाचा अंगठा चपलेत हलत असे. आठवीत असताना मी शाळेच्या खेळखात्यातले स्टॉपवॉच आणून हा थांबा दहा वेळा मोजला. सर्वांत मोठा फरक सेकंदाच्या दोन दशांशांचा निघाला आणि त्यात माझ्या बोटाचा दोष किती, हे मला ठरवता येईना. मोजणाऱ्याचीही चूक असते, हा धडा मला प्रयोगशाळेत नव्हे, त्या वर्कशॉपमध्ये मिळाला.

पंचवटीतल्या एका गणेश मंडळासमोर ते वाजवत असताना ऐन गाण्यात वीज गेली. गिटार गेली, कीबोर्ड गेला, माइक गेला; ड्रम तेवढे चालू राहिले. गर्दीतून आवाज आला, "ए, आता भजनच म्हणा!" जनरेटर सुरू व्हायला बराच वेळ लागला. वीज आली तेव्हा नितीन पहिल्या कडव्याकडे वळत होता. काकांनी मान हलवली आणि गाणे न थांबता जिथे पोहोचले असते, नेमक्या तिथून सूर धरला. नितीन पुढची कित्येक वर्षे सांगत असे, "लाइट गेली तरी ह्या माणसाचं मीटर चालूच!"

२००३ च्या सुमारास त्यांचा कीबोर्ड टोचू लागला. वरचे सूर ते दर तालमीला अधिकच धारदार करत. "काका, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं वाजतंय," नितीन म्हणाला. काका म्हणाले, "तुमचेच कान म्हातारे झालेत." घरी मंदाकाकूंची तक्रार वेगळी होती: "कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या तरी हे शेजारी ढिम्म बसलेले." मी तेव्हा श्रवणशास्त्राची पदवी घेऊन एका कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नुकतीच रुजू झाले होते. दोन्ही तक्रारी मला एकाच आलेखावर दिसू लागल्या, म्हणून मी काकांना चाचणीला बोलावले.

उजव्या कानाचा, चार हजार हर्ट्झचा, म्हणजे वरच्या सुरांचा आकडा पंचवीस डेसिबल आला. जवळजवळ निरोगी. मी सुटकेचा श्वास घेऊन पान उलटू लागले आणि त्याच क्षणी त्यांनी ते बटण दाबले.

कारण कळायला मला एक मिनिटही लागले नाही. नवखेपणामुळे मी प्रत्येक आवाज ठरावीक अंतराने सोडत होते. काकांनी ते अंतर पकडले होते आणि ऐकू येईनासे झाल्यावरही ते मोजून बटण दाबत होते.

"काका, तुम्ही मला फसवलंत."

"नाही गं. तुझा ठेका इतका सरळ होता की बोट आपोआप पडलं." मग हळूच म्हणाले, "ऐकूच येतंय असं वाटलं मला."

मी अंतरे वेडीवाकडी करून चाचणी पुन्हा घेतली. खरा आकडा पासष्ट होता; आकडा जितका मोठा, तितके ऐकू येणे कमी.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले: गेलेले परत येणार नाही, राहिलेले टिकवायचे असेल तर प्रेस आणि स्टेज यांपैकी एक तरी गोंगाट सोडा. कोणता सोडायचा, याबद्दल कॉलनीत कोणालाच शंका नव्हती. मंदाकाकू म्हणाल्या, "बँडवर चूल पेटत नाही." त्या चुकीचे बोलत नव्हत्या. दोन आठवड्यांनी काकांनी प्रेसवरून स्टोअरमध्ये बदली मागून घेतली. ओव्हरटाइम बुडाला, बावीस वर्षांचे कसब वाया गेले आणि हाताखाली शिकलेली माणसे त्यांच्याकडून नट-बोल्ट सही करून नेऊ लागली. काकू महिनाभर मोजकेच बोलल्या.

बदली झाल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी त्यांनी बँडलाही स्वतःच सांगितले. "नितीन, आजपासून वरचे सूर तू लावून द्यायचे. मला ते ऐकू येत नाहीत." नितीन म्हणाला, "म्हणजे आता आमच्या चुकाही ऐकू येणार नाहीत. बरंच झालं."

"तुमच्या चुका खर्जातल्या असतात. त्या स्वच्छ ऐकू येतात," काका म्हणाले आणि त्यांनी कानांत आवाज अडवणारे बोळे घातले.

बँड आणखी तीन वर्षे चालला. बोळे एकाही कार्यक्रमात विसरले नाहीत, असे काका सांगत. नितीनने ते मला स्वतंत्रपणे खरे असल्याचे कळवले. पुढे नितीन पुण्याला नोकरीला गेला, ड्रमवाल्याने दुकान टाकले आणि कोणीही संपले असे न म्हणता बँड संपला. काकांची दर वर्षीची कानाची चाचणी मात्र चुकली नाही.

पुढील शिक्षणासाठी नाशिक सोडण्यापूर्वी मी काकांना एकदा बोलावले. वाढते वय आणि इतकी वर्षे खाल्लेला गोंगाट पाहता आकडा थोडा तरी चढला असेल, असा माझा हिशोब होता. मी प्रत्येक आवाज तीनदा पडताळला. काका बाहेर आले आणि तक्त्याकडे न पाहता माझ्याकडे पाहत राहिले.

"खरं सांग हं. शेजारधर्म नको."

मी त्यांच्यापुढे तक्ता ठेवला. त्यांनी चष्मा लावला, गेल्या चार वर्षांच्या नोंदींवरून बोट फिरवत खाली आले आणि शेवटच्या ओळीवर थांबले.

१२ जुलै २००८. उजवा कान, चार हजार हर्ट्झ : पासष्ट.