मोमोला मागे सरकवलं

सुवा शहरात, सामाबुलाच्या चढावर, चपलांच्या दुकानाच्या माडीवर सशीभाई प्रसादांचा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. लोसालिनी तिथे शिकायला गेली तेव्हा तिची थोरली मुलगी हायस्कुलात होती. टपाल कचेरीतली नोकरी सुटली होती, आणि आवाजाचं वेड तर लहानपणापासूनचं.

"केबल गुंडाळता येते?" सशीभाईंनी विचारलं.

"दोरी येते."

"दोरीसारखी गुंडाळलीस तर आतली तार मोडेल. एक वेढा सुलटा, एक उलटा. हं, कर."

सुरुवातीचे कित्येक आठवडे तिने नुसत्या केबली गुंडाळल्या. मग ऐकायला शिकली. सशीभाई तिला डोळे मिटायला लावत. गिटार माइकपाशी आणली की आवाज फुगतो, कोपऱ्यात नेली की घुमतो, हे तिने कानाने ओळखायचं. पहिल्यांदा एकटीने चर्चच्या मंडळींचं गाणं घेतलं, तेव्हा आवाज इतका चढवून ठेवला की उंच सूर तेवढे सगळे फाटले. मंडळींना पुन्हा बोलवावं लागलं.  दुसऱ्या दिवशी ती सशीभाईंच्या आधी येऊन दारात उभी.

पुढे कंदावू बेटावरून तिचा मोमो, म्हणजे सख्खा मामा, सेवानाइया आपली गाणारी मंडळी घेऊन आला. सशीभाई मागच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसले. म्हणाले, "आज तू."

"इंजिनियर कुठंय?" मोमोने विचारलं.

"मीच, मोमो."

"तू? अगं, मग यंगोना कोण कालवणार?"

मंडळी खिदळली.

"तुम्हीच कालवा. माझे हात तारांत अडकलेत!"

यंगोना म्हणजे मुळ्या कुटून पाण्यात कालवलेलं पेय; त्याचं लाकडी भांडं मध्ये ठेवून गोल बसल्याशिवाय ही गाणी गळ्यातून निघत नाहीत. लोसालिनीने त्यांना तसंच बसू दिलं आणि एकच माइक वर मधोमध टांगायचं ठरवलं. पण बसलेल्या वडीलधाऱ्यांपुढे ताठ उभं राहणं, त्यांच्या डोक्यावरून हात नेणं तिच्या लोकांत वाईट. ती कमरेत वाकून, "तिलोऊ, तिलोऊ" असं पुटपुटत, सगळ्यांची माफी मागत माइक लावून आली.

पहिलं गाणं झालं. कानांवरच्या हेडफोनमध्ये नुसता मोमो! त्याच्या भरदार आवाजाखाली मंडळीतल्या इलाइसाचा उंच सूर बुडून गेला होता, आणि गाण्याची चाल तर इलाइसाकडेच. तिने इलाइसाला पुढे घेतलं, तरी तेच. तिने वळून पाहिलं. सशीभाई छताकडे बघत होते.

ती आत गेली आणि मोमोपुढे गुडघ्यांवर बसली.

"मोमो, एक मागू?"

"माग की."

"तुमची जागा. भिंतीपर्यंत मागे सरका."

 कोणीतरी गिटारच्या तारांवर पंजा ठेवला.

"पोरी," मोमो सावकाश म्हणाला, "या जागेवरून मला सरदारानेसुद्धा कधी उठवलं नाही."

"ठाऊक आहे, मोमो." ती हलली नाही.

मोमो उठला. मग आपली चटई उचलली.

"बहिणीच्या लेकराने मागितलं तर मामाने नाही म्हणायचं नसतं. लोकांच्या भाच्या डुक्कर मागतात, होडी मागतात. हिने माझी बैठकच मागितली!"

हशा पिकला, आणि त्याच हशात दुसऱ्यांदा गाणं सुरू झालं.

ऐकायला सगळे यंत्रांच्या खोलीत दाटीवाटीने उभे राहिले. इलाइसाचा सूर स्वच्छ वर चढला, आणि त्याच्या खाली मोमोचा आवाज जमिनीसारखा पसरलेला.

"इतकी वर्षं गातोय," इलाइसा म्हणाला, "पण माझा आवाज मला आज ऐकू आला."

मोमोने गाणं पुन्हा लावायला सांगितलं. सशीभाई उठले. "शनिवारी लौतोकाच्या बायका गायला येणार आहेत. त्यांचंही तूच घे," एवढंच म्हणून चहा प्यायला खाली उतरले. लोसालिनीला तेवढ्याने आभाळ ठेंगणं झालं.

गाणं रेडिओवर लागलं तेव्हा मोमो गावच्या धक्क्यावर होता. स्वतःच्या गाण्याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. भेटेल त्याला एवढंच सांगत सुटला, "हे माझ्या भाचीने घेतलंय. मला उठवून!"