कॅसेटमधला दादूस

दादूसचे पाय कधी स्वस्थ बसले नाहीत. लग्नाच्या पंगतीत मांडी घालून बसला तरी अंगठे चालूच. आईने त्याला एकदा भगताकडे नेलं. भगताने लिंबू उतरवलं, तेवढ्या वेळात पठ्ठ्याने पायाने जमिनीवर एक नवा ताल बसवला.

माजिवड्याच्या आगरी घरातला हा मुलगा हळदीला ड्रम वाजवायचा. नव्वदच्या सुमारास आम्ही काही उनाड पोरांनी डेथ मेटलचा बँड काढला. कर्कश गिटार, घशातली गुरगुर आणि मिक्सरसारखे फिरणारे ड्रम. तो वेग झेपणारा आमच्या ओळखीत एकटा दादूसच होता. मी त्याला परदेशी कॅसेट ऐकवली, तर म्हणाला, "बरा वाजवतंय. पन हलदीला रातभर टिकंल का?"

आमची एकुलती एक कॅसेट कल्याणच्या एका स्टुडिओत रेकॉर्ड झाली. तिथे एरवी भजनं व्हायची. तिथल्या काकांनी मन लावून काम केलं आणि तेच नडलं. कॅसेट हातात आली तेव्हा दादूसचे ड्रम जवळजवळ गायब. "पखवाज मागेच हवा, नाहीतर शब्द झाकले जातात," काका म्हणाले. शब्द कुणाला कळू नयेत म्हणूनच तर आमचा गायक वर्षभर घसा फोडत होता, हे त्यांना कोण सांगणार?

पुन्हा रेकॉर्डिंग करावं तर गायक नोकरीसाठी मस्कतला निघून गेलेला. ही कॅसेट विकायला काढायची की नाही, हे आम्ही दादूसवर सोडलं, कारण नुकसान त्याचं होतं. मी त्याच्या जागी असतो तर थयथयाट केला असता. तो म्हणाला, "काढा. आयकू येत नाय म्हंजे वाजवला नाय, असा थोराच हाय?" एवढं मोठं मन मी नंतर कुणात पाहिलं नाही.

कॅसेट कुणी ऐकली नाही. बँड मोडला. दादूसने ड्रम विकून रिक्षा घेतली, मग त्याचं लग्न झालं. आणि शतक संपता संपता साध्या काविळीने तो गेला.

दिवसकार्य झाल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "यांना वाजवताना मी कवाच आयकला नाय. तुमच्याकडं काय हाय का?"

मी ती कॅसेट घेऊन गेलो. पहिलं गाणं त्यांनी मान खाली घालून ऐकलं. मग विचारलं, "यामदी ह्ये कुठं हायत?"

मी कॅसेट मागे फिरवून तेच गाणं पुन्हा लावलं, पाट पुढ्यात ओढला आणि गाण्याबरोबर त्याचा ठोकान् ठोका वाजवत गेलो. त्याचा वेग मला कुठला झेपायला! हात भरून आले, तरी थांबलो नाही.

गाणं संपलं. वहिनी पाटाकडेच बघत होत्या.

"पुढचा लावा," त्या म्हणाल्या.